धाकटीने मागितलेला आरएनए

प्रिय धाकटे,

तुझ्या उंदरांच्या मेंदूचे फोटो पाहिले. जिथे माझा आरएनए इतक्या वर्षांत फिरकला नाही, तिथे अगदी खोलवर तुझा लालभडक पसरलाय. अभिनंदन. हे लिहिताना अंगाचा तिळपापड झालाय, तेही सांगून टाकते.

सुई धरायला तुला मीच शिकवलं. उंदराच्या मणक्यांमधल्या फटीत टोक नेमकं गेलं की शेपूट टचकन उडते, ते पहिल्यांदा पाहून तू माझाच हात घट्ट धरला होतास. आईला खुर्चीला खिळवणारं ते बिघडलेलं जनुक गप्प करणारा आरएनए मी बनवला. काचेच्या बशीतल्या पेशींमध्ये तो त्याचं तोंड असं बंद करतो की विचारू नकोस. पण मणक्याभोवतीच्या पाण्यात सोडला की खालीच घुटमळत बसतो, मेंदूकडे सरकायचं नाव नाही. तू काय केलंस, तर कुठल्याशा साध्या, काही न करणाऱ्या आरएनएला चरबीची शेपटी जोडलीस, आणि निघाला की तो वर. मला का नाही सुचलं?

आईचं तर काय सांगू. तिची जीभ आता अडखळते, पण धाकटीने शोध लावला हे शेजारच्या काकूंना सांगताना एक शब्द अडत नाही. माझं विचारलं तर म्हणते, तीही तिथेच काहीतरी करते. तिला आंघोळ घालून, भरवून मगच मी लॅबला जाते, आणि लाडकी तू. आईचं जनुक तुझ्यात नाही असा तुझ्या तपासणीचा निकाल आला, तेव्हा मी आनंदाने रडले. खरंच रडले. नंतर भांडी घासताना मात्र वाटलं, हेही हिलाच मिळालं.

म्हणून तू माझा आरएनए मागितलास तेव्हा उत्तर दिलं नाही. आयत्या बिळावर नागोबा, असं मनात म्हटलं आणि फ्रीजरला कुलूप घातलं.

सोबतच्या खोक्यात कोरड्या बर्फात तो ठेवलाय, होता तेवढा सगळा. गेल्या महिन्यात मीही तपासणीला रक्त दिलं. जिना उतरताना तोल जायला लागला होता, म्हणून. माझ्यात आहे ते जनुक. आईला कळू देऊ नकोस, ती स्वतःलाच दोष देत बसेल. तुझी शेपटी याला जोड आणि याला मेंदूपर्यंत पोचव. लेखात पहिलं नाव तुझंच घाल, मी भांडणार नाही. म्हणजे भांडेन, पण बरी झाल्यावर. तू जिंकावंस असं आयुष्यात पहिल्यांदाच मला मनापासून वाटतंय, आणि तेही स्वतःसाठीच.

तुझीच,
जळकुकडी ताई