सालस मुलगी

नागपूर, सोमवार, ऑक्टोबर १९८४

माझ्या लेकीच्या, मीनलच्या, पीएच.डी.च्या अर्जासाठी शिफारसपत्र तयार झालं. तिच्या विभागप्रमुखांनी संध्याकाळी स्वतःच मला वाचून दाखवलं. मुलगी सालस, आज्ञाधारक, चांगल्या घरातली. ती अमेरिकेत रोबोटवर संशोधन करायला निघालीय की सासरी? तिनं बनवलेला यांत्रिक हात अंडं न फोडता उचलतो, त्याबद्दल एक शब्द नाही. विचारलं तर म्हणतात, "भाऊसाहेब, काहून रागावून राहिले? कौतुकच केलं न पोरीचं."

सालस म्हणे. बातमीत असलं विशेषण आलं की मी लाल शाईनं खोडतो. इथं खोडायचा अधिकार नाही.

उद्या मीनल स्वतः जाऊन पत्र बदलून मागणार. मागितलं की ती त्यांना सालस वाटणार नाही, आणि अर्ज याच आठवड्यात टपालात पडायचा आहे.