थोपाचूच्या वाट्याच्या गोळ्या

कंपाला, २ एप्रिल २००१

चि. ओनेगियू यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मासळीच्या ट्रकवाल्याने सोमवारी आणून दिलं. पुन्हा रक्ताची उलटी झाली, हे तू चौथ्या पानावर लिहितोस, तेही शाळेच्या छपराची हकिकत संपल्यावर. असं उत्तर तुझ्या वर्गातल्या पोराने लिहिलं असतं तर तू त्याला बाकावर उभं केलं असतंस.

आता नीट वाच. मी कागदपत्रं सांभाळते त्या इस्पितळात तुझ्यासारख्याच रोग्यांचा एक अभ्यास सुरू झालाय. तळ्याच्या पाण्यातला किडा यकृत खराब करतो, मग अन्ननळीतल्या शिरा फुगतात आणि फुटतात. पुन्हा फुटू नयेत म्हणून दोन उपायांपैकी कोणता बरा, ते डॉक्टरांना पाहायचंय. निम्म्या लोकांच्या शिरा तोंडातून नळी घालून रबरी कड्यांनी बांधतील. उरलेल्यांना हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी रोज घ्यायची. कोणाला काय, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवते. तिथे माझी ओळख चालायची नाही. मात्र रक्त पडल्यापासून सहा आठवड्यांच्या आत यायला हवं, म्हणून आजच निघ.

थोपाचूलाही रक्त पडतं ना? त्यालाही आण. तुम्ही दोघं लहानपणापासून एका होडीत, इथेही एकत्रच या.

आयेरांगोला आणि मुलांना माझी आठवण सांग. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी ताई,
निमुंगू


पान्यिमुर, ६ मे २००१

ती. निमुंगूताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्या घरचं केळ्याचं मटोके खाऊन पोट तटतटलं होतं. पाक्वाचचा पूल ओलांडला आणि मासळीचा वास आला, तेव्हा कुठे ते ठिकाणावर आलं. आयेरांगो म्हणते, कंपालाला जाऊन आलेला माणूस जेवणाला नावं ठेवायला लागला.

माझ्या नशिबी गोळी निघाली, ते तू पाहिलंसच. कड्या निघाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जे केलं ते डोळ्यांना तरी दिसतं. थोपाचू मात्र फार हिरमुसलाय. दमा आहे म्हणून त्याला अभ्यासात घेतलं नाही. शिरा बांधायला वेगळी तारीख दिली, ती ऑगस्टच्या शेवटची.  परतीच्या वाटेवर पुलापाशी एवढंच म्हणाला, की रक्त तारीख बघून पडत नाही.

दर महिन्याला अभ्यासाची गाडी धक्क्यावर येईल, तेव्हा रिकामी बाटली परत द्यायची आणि नाडी मोजून घ्यायची. मास्तरलाच गृहपाठ लागलाय.

तू केलंस ते विसरणार नाही. मनात जागा असू दे.

तुझा,
ओनेगियू


कंपाला, ७ जुलै २००१

चि. ओनेगियू यास,
अ. उ. आ.

हे पत्र घाईत लिहितेय. तुझा कागद माझ्याच टेबलावर येतो. पहिल्या दिवशी तुझी नाडी चौऱ्याऐंशी होती. जूनमध्ये त्र्याऐंशी भरली, या महिन्यात पुन्हा चौऱ्याऐंशी. डॉक्टर म्हणतात, एवढी मात्रा या माणसाला पुरत नाही, म्हणून गोळी दुप्पट केलीय. नवी बाटली द्यायला गाडी याच आठवड्यात पुन्हा येईल.

तू रोज घेतोस ना? विचारायला नको, बाटली रिकामी येते. तरी विचारते. थोरली आहे, म्हणून.

उलट टपाली कळव. तुझ्या दोन ओळी आल्या की माझं मन लागेल.

ताई


पान्यिमुर, १४ जुलै २००१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून फाडून टाक आणि कोणाला सांगू नकोस. आईची शपथ घालून लिहितोय.

मी अर्ध्या गोळ्या थोपाचूला देतो. तुझं पत्र आल्यापासून राहवेना, म्हणून सांगितलं. तो माझ्या दारात येऊन रडला गं. त्याची तारीख ऑगस्टची, आणि त्याआधी रक्त पडलं तर? मी कसा नाही म्हणू? आता गोळ्या दुप्पट झाल्यात, म्हणजे दोघांनाही पुरतील. माझी नाडी का उतरत नाही, तेही तुला कळलं असेल.

हल्ली त्याला धाप लागते. जाळं ओढताना मधेच बसतो. तळ्यावरच्या गार वाऱ्याने होत असेल.

तू डॉक्टरांची नोकर नंतर, माझी बहीण आधी. म्हणून विश्वासाने लिहिलं.

ओनेगियू


पान्यिमुर, २ ऑगस्ट २००१

निमुंगू,

तू माझं पत्र डॉक्टरांना दाखवलंस.

२० तारखेला अभ्यासाची गाडी धक्क्यावर न थांबता सरळ शाळेच्या अंगणात आली. पाचवीचा वर्ग चालू होता. डॉक्टरांनी पोरांसमोर माझ्याकडे बाटली मागितली आणि टेबलावर गोळ्या ओतून मोजल्या. त्यांच्या हातात माझ्या पत्राची झेरॉक्स होती. माझं अक्षर मी लांबूनही ओळखतो. ‘आईची शपथ’ या शब्दांखाली कोणीतरी रेघ मारली होती. तुझाच हात असेल.

मग थोपाचूला झोपडीतून उचलून नेलं, आणि गावाला वाटलं की मी त्याला विष घातलं. माझं नाव अभ्यासातून काढलं, असं दोन माणसांदेखत सांगितलं. हेडमास्तर माझ्याशी बोलत नाहीत. आयेरांगोला विहिरीवर बायका विचारतात, घरात आणखी काय काय वाटलं जातं.

मला आधी एक ओळ लिहिली असतीस तर मी स्वतः थांबलो असतो. पण तुला बहीण व्हायला वेळ नव्हता.

खाली काही लिहीत नाही. लोभ तूच संपवलास.

ओनेगियू


कंपाला, ११ ऑगस्ट २००१

ओनेगियू,

होय, पत्र मी दिलं. बुधवारी दुपारी मिळालं आणि बुधवारीच दिलं. तुला एक ओळ लिहिली असती तर ट्रकने ती चार दिवसांनी पोचली असती. ती गोळी दमेकऱ्याची श्वासाची वाट आवळते. थोपाचूला अभ्यासात घेतलं नाही ते याचसाठी. तू सही केलेल्या कागदाच्या दुसऱ्या पानावर हे आपल्या भाषेत लिहिलंय, आणि तू मास्तर आहेस. गाडी पोचली तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

रेघ मी मारली नाही. पण मारली असती तरी मला लाज वाटली नसती.

आता माझं ऐक. थोपाचू पुरुषांच्या वॉर्डात आहे. मी रोज त्याला पेज नेते. तो म्हणतो, तुझ्या दारात तो कधी रडला नाही. तू स्वतः त्याच्या होडीपाशी गेलास आणि म्हणालास, डॉक्टरांचं मन बदललं, तुझ्यासाठीही गोळ्या पाठवल्यात. आणि अर्ध्या नाही, सगळ्या दिल्यास. पहिल्या दिवसापासून. तुझी नाडी उतरेना म्हणून डॉक्टरांनी मात्रा वाढवली, ती दुप्पट मात्रा त्याच्या पोटात गेली. आकडे मीच लिहिले. मीच गाडीत बाटली ठेवली.

तू माझ्या हातून हे करवलंस. शपथ घालून मला लिहिलंस, त्यातही निम्मं खोटं.

का, एवढंच लिही. दुसरं काही नको.

निमुंगू


पान्यिमुर, ३० ऑगस्ट २००१

ताई,

मला भीती वाटली.

धक्क्यावर एक माणूस सांगत होता, की पलीकडे काँगोत कोणीतरी ठोके मंद करणारी गोळी घेतली आणि ठोके मंद होत होत थांबलेच. खरं-खोटं मला माहीत नाही. बाटली हातात घ्यायचो आणि झाकण न उघडता परत ठेवायचो. घ्यायची नाही, तर तुझ्याकडे तोंड कसं दाखवू? मनात म्हटलं, थोपाचूला महिनाभर देऊन बघू. त्याला काही झालं नाही, की मी सुरू करेन. महिना झाला, तो ठीक होता. तरी मी आणखी एक महिना थांबलो. मग तो धापा टाकायला लागला, तेव्हा तुला ते पत्र लिहिलं. कोणीतरी मला थांबवावं असं वाटत होतं, आणि कळू मात्र नये असंही वाटत होतं. तू थांबवलंस, तरी मी तुला शिव्या दिल्या.

तरीही एक सांगतो. माझं पत्र दुसऱ्याच्या हातात पाहिलं ते मला अजून विसरता येत नाही. तू चुकली नाहीस, हे कळतं. विसरता येत नाही, तेही खरं.

सोमवारी मी थोपाचूला भेटून आलो. तू खिडकीपाशी होतीस, मी मागच्या दाराने गेलो. त्याच्या शिरा बांधून झाल्यात. माझ्याही बांधणार आहेत. अभ्यासातून काढलं तरी उपचार सोडणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ६ तारखेला बोलावलंय.

थोपाचूला मी सगळं सांगितलं, भीतीचंही. त्याने मी सही केलेला तो कागद मागितला आणि म्हणाला, वाचून दाखव. त्याला वाचता येत नाही, हे मला पहिलीपासून माहीत आहे. तिन्ही पानं वाचली. दुसऱ्या पानावर दम्याचं आलं तिथे मी थांबलो, तेव्हा त्याने हाताने खूण केली, पुढे वाच. शेवटी सहीची जागा आली.

तो म्हणाला, “हे तू मला होडीपाशी वाचून दाखवलं असतंस, तर कदाचित मी तुझ्यासाठी एक महिना गोळी घेऊन पाहिली असती.”

मग त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी भेटीची वेळ संपेपर्यंत बसून राहिलो. तो वळला नाही.

ओनेगियू