भिंतीवरचा ढग

भाटघर,
अक्षय्य तृतीयेनंतरचा सोमवार

प्रिय गोरख,

पत्र बघून दचकला असशील. खिशात मोबाईल असलेल्या भावाला बहिणीनं कागदावर लिहावं, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तुला कळलंच असेल. पण फोनवर बोलायचं कसं? रविवारी तुझा फोन येतो तेव्हा खोलीतले सोबती भोवती असतात, कुणी भांडी घासत असतं, कुणी गाणी लावलेली असतात, आणि तू स्पीकर चालू करून म्हणतोस, "बोल आक्का, सगळे ऐकतायत." सगळे ऐकतायत म्हणूनच मी बोलत नाही. दत्ता टेम्पोवाला उद्या भाजी घेऊन चाकणला येतोय, त्याच्या हाती हे देते. शेवटपर्यंत वाच. अर्धवट वाचून खिशात कोंबायची तुझी सवय मला माहीत आहे.

आधी बरं ते सांगते. प्रगतीची परीक्षा संपली. भोरच्या कॉलेजातून येताना एसटीत झोपते आणि थांबा चुकवते, ही तुझी भाची, दुसरं काय होणार! तुझ्या दाजींची तब्येत ठीक आहे. धरणाचं पाणी चांगलंच मागे हटलंय आणि उघड्या पडलेल्या काठावर हिरवं गवत आलंय. दरवर्षीप्रमाणे दाजींनी आबांच्या गुरांसाठी तिथं मांडव घातला, गव्हाणी लिंपल्या, पाण्याचं पिंप आणून ठेवलं. मांडव अजून रिकामा आहे. मी रोज सकाळी जाऊन पिंपातलं पाणी बदलून येते.

तू वस्तीवरच वाढलास, तुला हे शिकवायला नको. पाडवा झाला की वेल्ह्याच्या डोंगरावरच्या आपल्या वस्तीत सगळ्यांचे डोळे आबांकडे लागतात. आबा झऱ्यावर जातात, ओंजळभर पाणी पितात, देवाला नारळ फोडतात आणि दगडावर उभं राहून एकच शब्द बोलतात, "उतरा." मग दावी सुटतात, चुली विझतात, म्हशी वाटेला लागतात. त्या शब्दाआधी कुणी वासरूसुद्धा हलवत नाही. आजोबांच्या आधीपासून हा मान आपल्या घराकडे आहे. यंदा पाडवा गेला, हनुमान जयंती गेली, आता अक्षय्य तृतीयाही गेली. आबांनी शब्द दिलाच नाही. का, तर तुझ्या यंत्रात ढग आहे; पाऊस येणार असेल तर गुरं पाण्यासाठी धरणावर न्यायची कशाला?

हो, तूच पाठवलेलं ते हवामानाचं यंत्र. वस्तीवर त्याला सगळे "ढगाचं घड्याळ" म्हणतात. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दत्ताच्या हाती ते आलं तेव्हा आबांनी हात धुऊन मगच खोकं उघडलं होतं. दाजींनी ते भिंतीवर टांगलं, दुसरा तुकडा बाहेर खांबाला बांधला. सूर्य आला तर ऊन, ढगाखाली थेंब आले तर पाऊस. आबांना आकडे वाचता येत नाहीत, चित्र मात्र लगेच कळलं. आणि त्या पावसाळ्यात ते चित्र एकदाही चुकलं नाही रे! आता आषाढात वेल्ह्याच्या डोंगरावर पाऊस पडेल हे सांगायला यंत्र कशाला हवं, पाळण्यातलं पोर सांगेल. मी तसं म्हटलंही. आबा माझ्यावर वसकलेच.

मग होळी झाली, ऊन तापायला लागलं आणि दुपार कलली की त्या भिंतीवर ढग यायला लागला, खाली थेंब. आबा दारात उभे राहून हाक देत, "आवरा रं, वळीव येतोय!" पहिल्यांदा सगळे धावले. ठकुबाईनं अर्ध्या ओल्या कुरडया घरात नेल्या, त्या आंबल्या. आभाळ निळंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढग, पुन्हा हाक. हळूहळू लोक हसायला लागले, आधी पाठीमागे, मग तोंडावर. प्रगतीनं जाऊन नीट पाहिलं. तिचं म्हणणं असं की हे यंत्र फक्त हवेचा दाब मोजतं. दाब उतरला की ते पाऊस धरून चालतं. जिथं हवेत बारा महिने ओल असते तिथं ते चालत असेल. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी तापलं की दाब रोजच उतरतो, पण पडायला हवेत ओल तर हवी! गंमत म्हणजे त्याच यंत्राच्या कोपऱ्यात ओलीचा आकडा असतो, आणि तो तळाला गेलेला. वर थेंब काढतंय, खाली हवा कोरडी ठणठणीत म्हणून सांगतंय. प्रगतीनं हे सगळं आबांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आन् ह्ये गोरखला ठावं न्हाई व्हय? त्यानं बगून सवरूनच धाडलं आसंल."

हे मी तुला गेल्या महिन्यात फोनवर सांगितलं होतं. तू हसलास आणि म्हणालास, "आक्का, मशीन चुकत नसतं, सेल बदला." सेल बदलले. नव्या सेलांनी ढग आणखी ठसठशीत दिसायला लागला, एवढाच फरक.

तू म्हणशील, म्हातारा हट्टी आहे. मलाही तसंच वाटत होतं. पण तुला आठवतं, तू वस्ती सोडून निघालास तेव्हा आबा सगळ्यांदेखत काय बोलले होते? "ह्याला गुरातलं कळंना, शेरातलं काय कळनार?" तू मागे न बघता उतरलास तो आजतागायत वर चढला नाहीस. दिवाळीला भाटघरला माझ्याकडे येतोस, फराळ करतोस, डोंगराकडे पाठ करून बसतोस. मी कधी बोलले नाही, पण मला ते दिसतं. आणि आबांचं काय झालं ते तू पाहिलं नाहीस. गेल्या दसऱ्याला सोनं वाटताना त्याच लोकांसमोर, त्याच दगडावर उभं राहून ते म्हणाले, "पोराबद्दल म्या बोललो त्ये चुकलं. माज्यापरीस त्याला लई कळतंय. यंत्र बगा त्याचं, येक दिस खोटं पडलं न्हाई." गोरख, आपला बाप "चुकलं" म्हणाला. मी तिथं होते. मला रडू आलं, तुला सांगायला फोन केला, तर कारखान्यात तुझी पाळी सुरू होती आणि मग ते राहूनच गेलं. राहायला नको होतं.

म्हणून तो ढग खोटा आहे असं आबांना म्हणवत नाही. यंत्र खोटं पडलं तर तू खोटा पडतोस, आणि त्यांचं ते पहिलं बोलणं खरं ठरतं. ते त्यांना नको आहे. उन्हात गुरं हंबरत असताना ते भिंतीसमोर बसून त्या चित्राला पाऊस पाडायला विनवत असतात, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. झरा आटत आटत वाटीएवढा झाला. सोनबाकाका दोनदा आबांपाशी येऊन बसले, तंबाखू मळली, पण "उतरू या" म्हणायची त्यांची जीभ रेटेना. शेवटी गेल्या आठवड्यात त्यांची एक म्हैस झऱ्याच्या वाटेतच बसली, ती उठलीच नाही. त्या संध्याकाळी सोनबाकाकांनी आबांच्या दारासमोर टोपी काढून डोकं टेकवलं आणि शब्दाविना दावी सोडली. मागोमाग सगळी वस्ती उतरली. असं आजवर कधी झालं नव्हतं. आबा दारात उभे होते. कुणाला अडवलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. सोनबाकाका खाली आल्यावर माझ्या ओसरीवर लहान पोरासारखे रडले.

आता जे रविवारी बोलले नाही ते. आई कुठाय म्हणून तू विचारलंस आणि मी म्हटलं, झोपलीय. खोटं नव्हतं, पण ती भोरला दवाखान्यात झोपली होती. वस्ती रिकामी झाल्यावर ती एकटीच पलीकडच्या उतारावरच्या झऱ्याला जायला लागली, हंडा घेऊन पाय घसरला, मांडीचं हाड मोडलंय. दाजी आणि सोनबाकाका वर गेले, झोळीत घालून तिला गाडीरस्त्यापर्यंत आणलं. आबा तिच्या कपाळावर टॉवेल धरून सोबत चालत होते, डांबराला पाय लागला तसे थांबले आणि माघारी वळले. गाडीपाशी थांबलेली मी त्यांच्या आडवी गेले. म्हटलं, आबा, आता तरी चला. तर माझा हात धरून हळूच म्हणाले, "यंत्र चुकतंय ह्ये मला ठावं हाय गं, लई दिसांपासनं ठावं हाय. पर गोरखला सांगू नगंस. आय त्यापायी पडली म्हनून त्याच्या जिवाला लागंल." आणि चढायला लागले. तिथं ते आणि गुरं, बाकी कुणी नाही, आणि पाण्यासाठी तोच उतार आहे जिथं आई पडली. त्यांनी सांगू नकोस म्हटलेलं मी सांगतेय, कारण मला तुझ्या जिवाला लागलेलं चालेल, आबांना काही झालेलं चालणार नाही. दुसरं यंत्र पाठवू नकोस, फोनवर दाजींना सूचना देऊ नकोस. दत्ता परत निघेल तेव्हा त्याच्या शेजारी बस, नसरापूरला उतर, दाजी तिथं गाडी घेऊन थांबतील. वर जा, ते यंत्र आपल्या हातानं भिंतीवरून काढ आणि आबांना म्हण की माझं चुकलं. ते म्हणाले होते, तुलाही म्हणता येईल. मग त्यांच्या म्हशी पुढे घाल, ते आपोआप मागून येतील. आज सकाळी मी दवाखान्यात आईला पेज भरवत होते तेव्हा तिनं विचारलं, "दोघं संगंच येतील न्हवं?" मी हो म्हणून बसलेय.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून,
आक्का