चोर स्विचची जागा

अण्णा, आज तुमच्यावर इतकी चिडले आहे की तुम्ही समोर असता तर तोंडाला येईल ते बोलले असते. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली. दर पितृपक्षात तुमचं पान वाढते, तुम्हाला आवडायची म्हणून मेथीची भजी आठवणीनं तळते, कावळ्याला हात जोडते, आणि तेवढा वेळ मनात एकच वाक्य घोळत असतं. ते आजवर तोंडातून काढलं नाही. आज काढते. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. एका बटणापायी बोललात आणि त्याच बटणापायी गेलात.

पंचवटीतलं तुमचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, पण बाजारात भाजी आणणारे निम्मे टेम्पोवाले तुमच्याकडे यायचे ते चोर स्विच बसवून घ्यायला. गाडीत कुठेतरी दडवलेलं बोटाएवढं बटण. ते बंद असलं की किल्ली हातात असूनही गाडी चालू होत नाही. चोर बिचारा स्टार्टर मारून मारून थकतो आणि निघून जातो. तुम्ही बटण बसवताना मालकालासुद्धा बाहेर उभं करायचात, मग त्याला एकट्याला आत बोलावून त्याचा हात धरून जागा दाखवायचात. "बायकोला सांगू नको, भावाला सांगू नको," असं बजावायचात. "जागा दोघांना कळली का मंग तो चोर स्विच राहत नाय, नुसतं बटन व्हतं." लोक हसायचे आणि ऐकायचे. तुमचा स्विच असलेली एकही गाडी चोरीला गेली नाही याचा तुम्हाला केवढा ताठा होता!

मी दर रविवारी तिथे येऊन बसायचे. एकदा बंद पडलेल्या एका जीपची किल्ली मी उगाच चार-पाच वेळा फिरवली, तर तुम्ही बॉनेटवर असा हात आपटलात की शेजारचा चहावाला बघायला आला. "आधी ऐक, मंग हात लाव! लय घाई हाय तुला." आणि मग राग ओसरल्यावर तिथेच उभं राहून क्रम शिकवलात. आधी दिवे लागतात का बघायचं, म्हणजे बॅटरी कळते. मग स्टार्टर फिरतो का. मग करंट येतो का. मग पेट्रोल. मधली पायरी गाळायची नाही. दहावी झाले तेव्हा मैत्रिणींना घड्याळं मिळाली, ड्रेस मिळाले, मला तुम्ही तुमच्या हातानं बनवलेला टेस्टिंगचा दिवा दिलात, एका होल्डरमध्ये बल्ब आणि दोन वायरी. मी तो घड्याळापेक्षा जपला. त्याच दिवशी मी विचारलं होतं, आपल्या गाडीला कुठे आहे हो चोर स्विच? तुम्ही हसलात. "आपल्या गाडीला नाय. मेकॅनिकच्या गाडीला कोन हात लावतंय?" मी विश्वास ठेवला. तुमच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा होता?

तुम्ही गेलात त्या सकाळी मी माहेरी आलेली. तुम्ही अंघोळ करून येता आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून खाली बसता. बनियन घामानं भिजलेला, बोलायला जाता तर शब्द फुटत नाही. आई आणि मी तुम्हाला कसंबसं गाडीच्या मागच्या सीटवर आडवं करतो. मी किल्ली फिरवते. इंजिन फिरतं, पण चालू होत नाही. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर गाडी तिथेच टाकून धावली असती. रिक्षा स्टँड कोपऱ्यावर होता. मी तुमची मुलगी. मी बॉनेट उघडलं. दिवे लख्ख. स्टार्टर दणदणीत. प्लग काढून बघितला, ठिणगी नाही. मग तुमचाच दिवा काढून कॉइलला लावला, तो पेटला नाही. म्हणजे करंटच येत नाही, वायर कुठेतरी तुटली असणार. वायरीचा माग काढत मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. आई ओरडतेय, "अगं, रिक्षा आण!" आणि मी म्हणतेय, "थांब, सापडलंच, दोन मिनिटं." मागून तुमचा हात ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर आपटत होता. पुन्हा पुन्हा. मला वाटलं कळ येतेय. "अण्णा, गप पडून राहा ना!" मी तुमच्यावरच खेकसले. तुमच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते.

शेवटी रिक्षा आईनंच आणली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. थोडं म्हणजे किती, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचे गॅरेजमधले एक दोस्त आले, दार उघडून त्यांनी ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला, टक् असा आवाज झाला आणि गाडी एका किल्लीत चालू झाली. ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुला सांगितलं नव्हतं त्यानी?" त्यांनाही तुम्ही सांगितलं नव्हतं. तुमची सवय ओळखून त्यांनी हात घातला होता. दारातून आईनं विचारलं, "काय झालं होतं गाडीला?" मी म्हणाले, "वायर सुटली होती."

आता आजचं ऐका. दोन महिन्यांपूर्वी आमच्या कॉलनीतून दोन गाड्या चोरीला गेल्या. मी काय केलं असेल? एका रविवारी घरात कुणी नसताना तुमची पकड घेऊन गाडीत शिरले आणि चोर स्विच बसवला. पेट्रोलच्या पंपाची वायर तोडून, स्वतःच्या हातानं. जागासुद्धा तुमचीच घेतली, सीटखालची. कुणालाही सांगितलं नाही. हे मनमाडला रेल्वेत, शनिवारी येतात. म्हटलं त्यांना कशाला. लेक कॉलेजात जाते, ती मैत्रिणींना सांगेल. आई हल्ली माझ्याकडे असते. तिला का नाही सांगितलं, ते तुम्हाला तरी विचारावं लागू नये.

आज मी एसटीनं चांदवडला शाळेत शिकवायला गेले होते. मधल्या सुट्टीत लेकीचा फोन आला. "आई, आजीला खूप दम लागलाय, औषध देऊनही कमी होत नाहीये. तिला गाडीत बसवलंय, पण गाडी स्टार्टच होत नाही!" आणि अण्णा, माझ्या तोंडून तुमचा क्रम सुरू झाला. दिवे लागतात का बघ. लागतायत. स्टार्टर फिरतो? फिरतोय. आता किल्ली अर्धीच फिरव आणि कान दे, मागून पंपाची बारीक गुणगुण ऐकू येते का? "मला आजीच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाहीये!" ती किंचाळली. तेव्हा मला आठवलं. काल संध्याकाळी गाडी लावताना माझ्या हातानं सवयीनं बटण बंद केलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "जाऊ दे, मी रिक्षा थांबवलीय, ठेवते." फोन बंद. ती मेकॅनिकची मुलगी नाही, म्हणून तिची आजी वेळेवर पोचली. स्टाफरूममध्ये मी मुलांच्या वह्या पुढे घेऊन बसले होते आणि तुम्हाला शिव्या देत होते, खऱ्याखुऱ्या, गॅरेजमध्ये ऐकलेल्या.

संध्याकाळी घरी आले तर आई खुर्चीत बसून चहा पीत होती. मी आधी गाडीकडे गेले, सीटखाली हात घातला, गाडी एका किल्लीत चालू झाली. लेक दारात आली. "काय झालं होतं गं?" मी म्हणाले, "वायर सुटली होती." अगदी तेच शब्द, अण्णा, आणि तितक्याच सहज. आईनं कप खाली ठेवला. "तुझ्या वडलांच्या वेळीही वायरच सुटली होती," ती म्हणाली, आणि बशीत चहा ओतून फुंकर घालत बसली.

तिला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. तुमच्यावरचा राग मात्र अजून तसाच आहे. फक्त आज तो काढताना मधेच माझी मलाच लाज वाटते आणि मग आणखी चिडायला होतं. हे पत्र टाकायला पेटी नाही, तरी लिहून ठेवते. ड्रायव्हरच्या सीटखाली, पुढच्या डाव्या कोपऱ्यात, कार्पेट उचललं की बोटाला लागतं. आता जागा दोघांना कळली. लेक बाहेर हॉलमध्ये अभ्यास करत बसली आहे, तिच्या शेजारी आई आहे. एकीला सांगायचं तर दुसरीलाही सगळं सांगावं लागेल, आणि मघापासून दोनदा दारापर्यंत जाऊन मी परत आले आहे.