बूस्टरनंतरची चक्कर

४ ऑक्टोबर

चि. भिंगूस, ताईचे अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर हे बोलता येत नाही. आईला कमी ऐकू येतं म्हणून घरातला फोन कायम स्पीकरवर असतो, आणि एरवी जे तिला ऐकू येत नाही ते नेमकं अशा वेळी येतं.

आईच्या कोविडच्या पुढच्या बूस्टरची तारीख आली आहे, वीस ऑक्टोबर. आणि माझं मन होत नाही. एप्रिलचा डोस आठवतो ना? त्याच आठवड्यात तू केलेला नवा चष्मा आला होता. तो घालून बाईसाहेब सगळ्या इमारतीत मिरवून आल्या, लेकाने स्वतः काचा घासल्यात म्हणून. मग दोनच दिवसांनी डोस झाला आणि तेव्हापासून तिला चक्कर येते. आधी जिना उतरून एकटी पाव आणायला जायची, आता भिंतीला हात लावल्याशिवाय स्वयंपाकघरातही जात नाही. डॉक्टरांनी कान तपासले, रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. वय झालं म्हणाले.

दुसरीकडे तिची छाती. दोन वर्षांपूर्वी थंडीत न्यूमोनिया झाला तेव्हा काय हाल झाले ते तू पाहिलेस. मला ऑगस्टमध्ये कोविड झाला तो सौम्यच, तीन दिवस पडून होते. पण अजून वास येत नाही. परवा एका गिऱ्हाइकाच्या पँटची घडी इस्त्रीखाली जळली तरी पत्ता नाही. मला हे असं, तर तिचं काय होईल?

तू काय ते सांग. तू दे म्हणालास तर मी भांडेन, आणि नको म्हणालास तर घाबरेन, एवढं लक्षात ठेवून सांग. जेवण वेळेवर करत जा. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी ताई

१० ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

डोस द्यावा असं मला वाटतं. चक्कर वाईटच, पण न्यूमोनिया परत झाला तर तिला पेलणार नाही.

आता एक कबूल करतो, रागावू नकोस. मार्चमध्ये मलाही कोविड झाला होता. सर्दी आहे म्हणून फोनवर सांगितलं ते खोटं. अंग फार तापलं नाही, पण डोकं कापूस भरल्यासारखं झालं होतं. दोन आठवडे चहात साखर घातली की नाही तेही आठवायचं नाही. दुकानात न जाता पाच दिवस घरी राहिलो, पण काम अंगावर पडलं होतं म्हणून काचा घासायचं यंत्र घरी आणून बसलो. सौम्य म्हणजे दवाखान्यात न्यावं लागलं नाही एवढंच, ताई. बाकी काही सौम्य नव्हतं.

म्हणून म्हणतो, देऊन टाकू. पण रोज तिला सावरतेस तू, आणि मी लांबून शहाणपण शिकवतोय, हेही कळतं. एवढं कळव, तिला चक्कर नेमकी कधी येते? पडल्यापडल्या, की उठताना?

आईला नमस्कार. माझ्या लबाडीबद्दल बोलणी खाईन, पण जवळ केलंयस तसंच राहू दे.

भिंगू

१७ ऑक्टोबर

चि. भिंगूस, अ. उ. आ.

लबाड कुठला. सर्दी म्हणे. आईला मी काही बोलले नाही.

विचारलंस म्हणून आठवडाभर नीट पाहिलं. पडल्यापडल्या येत नाही. उठतानाही नाही. आंघोळ होईपर्यंत बाई ठणठणीत असते. मग आवरून, चष्मा लावून पेपर घेऊन बसली की कपाळ धरते. वाचताना एक डोळा मिटते. पाणी ओतते ते भांड्याच्या बाजूला. पायरी जिथे आहे तिथे पाय न टाकता अलीकडेच टाकते. काल पडता पडता वाचली.

हे बघून माझा धीर गेला. लसीकरण केंद्रावर जाऊन तारीख रद्द करून आले. तिथल्या नर्सने दोनदा विचारलं, मी दोनदा नको म्हटलं. आईला विचारलं तर म्हणते, तुला वाटतं तसं कर. तिने हट्ट तरी करायचा होता, म्हणजे मला भांडता आलं असतं. आता सगळं माझ्याच डोक्यावर.

तुला पटणार नाही, माहीत आहे. तरी अबोला धरू नकोस.

तुझी ताई

२१ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि तसाच उठून आईच्या चष्म्याचं मार्चचं कार्ड शोधलं. आईचं उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे दोन डोळ्यांच्या नंबरांत जमीन-अस्मानाचा फरक. कार्डावर माझ्याच अक्षरात उजव्याचा नंबर डाव्याच्या रकान्यात आहे. ताई, मी काचांची अदलाबदल केली. ते मार्चचं डोकं.

आमच्याकडे नियम आहे. एकाने केलेला चष्मा दुसऱ्याने यंत्राखाली धरून तपासायचा, त्याशिवाय डबीत घालायचा नाही. रोज शंभर अनोळखी माणसांसाठी मी तो पाळतो. आईचा चष्मा मात्र दुसऱ्या कुणाच्या हातात कशाला द्यायचा, म्हणून घरीच डबीत घातला आणि पाठवला.

तीनदा फोन उचलला आणि ठेवला. स्पीकरवर, तिच्यादेखत, हे कसं सांगू? नवीन चष्मा सोबत पाठवतोय, मालकांनी दोनदा तपासलाय. जुना काढून घे. चक्कर डोसाची नव्हती. हात जोडतो, केंद्रावर जा आणि तारीख परत माग.

मला माफ करता आलं तर बघ.

भिंगू

३० ऑक्टोबर

चि. भिंगूस, अ. उ. आ.

तुझं पार्सल सव्वीसला आलं. आई चोवीसपासून खोकत होती. पंचवीसला घरीच टेस्ट केली, दोन रेघा. बहुतेक माझ्याच कुठल्यातरी गिऱ्हाइकाकडून आला असेल, मोजमाप घ्यायला तोंडाशी तोंड येतंच.

डॉक्टर म्हणाले सौम्य आहे, घरीच ठेवा. कागदावरही तसंच लिहिलंय. पण तिला उशीवरून मान उचलवत नाही. दोन घास खाल्ले की दम लागतो. बूस्टरचं विचारलं तर आता तीन महिने थांबा म्हणाले. म्हणजे तारीख मागायला जायचंही राहिलं नाही. मी फक्त पाणी पाजते आणि बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावून आकडा बघत बसते.

जरा बरं वाटलं तेव्हा तिला चष्म्याबद्दल सांगितलं. तर म्हणाली, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. जुन्या चष्म्यातून नीट दिसायचं, नव्यातून पायरी हलायची. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, मार्चमध्ये त्याचा आवाज बसला होता, सर्दी म्हणत होता, सर्दी नव्हती ती. त्या अंगाने त्याने काचा घासल्या. चुकलास म्हणून कसं सांगायचं? दुकानात कळलं तर त्याला काय वाटेल? म्हटलं, अगं, मी डोसाला दोष देत होते तेव्हा तरी! तर म्हणे, तू एवढी ठाम होतीस, म्हटलं असू दे, तेवढं झाकलं जाईल.

तुझी चूक झाकायला तिने डोस सोडला, भिंगू. आणि मी स्वतः जाऊन रद्द करून आले. कुणावर रागवू ते कळत नाही. तिघांनी एकमेकांना जपलं आणि हे झालं.

नवा चष्मा घातला तिने. माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, केवढी वाळलीस गं. मग म्हणाली, आता त्याला एकदा नीट बघायचंय. रोज दाराकडे तोंड करून पडते. तुला ये म्हणायचा धीर होत नाही, येऊ नको म्हणवत नाही. तूच ठरव.

जिवाला जप.

तुझी ताई

३ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आज सकाळी बॅग भरली होती. तिच्याजवळ जायचं म्हणून निघायच्या आधी टेस्ट केली. घसा जरासा खवखवतोय, बाकी काही नाही. दुसरी रेघ इतकी पुसट होती की ती नाहीच असं ठरवता आलं असतं. गाडीत जागा मिळाली होती, तिकीट खिशात होतं.

पण या वेळी नियम पाळला. मालकांना बोलावलं, ते बाहेर उभे राहिले आणि मी पट्टी खिडकीच्या काचेला आतून लावली. त्यांनी भिंग काढून पाहिली. आहे, म्हणाले.

आईला सांग, मला सर्दी झाली आहे. तिला कळेलच.

तुम्हा दोघींचा,
भिंगू