लाल पेनाने 'पास'

४ मार्च

चि. चिमीस अ. उ. आ.

तू इथे आली होतीस तेव्हा आपण दोघांनी दिलेल्या रक्ताचे रिपोर्ट आले. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा माझा ६.४, तुझा ६.१. साडेसहापासून मधुमेह. अडुसष्ट वर्षांच्या दादापेक्षा तू चव्वेचाळिशीत बरी निघालीस, पण फुशारकी मारू नकोस. वयाबरोबर हा आकडा थोडा चढतोच.

तुझ्या रिपोर्टवर लाल पेनाने 'पास' लिहून पाठवतोय. तू गणितात नापास झालीस तेव्हा बाबांच्या माराच्या भीतीने प्रगतिपुस्तकातला 'ना' मीच खोडला होता, आठवतं? या वेळी खाडाखोड नाही. काठावर का होईना, पण खरी पास आहेस. गोड जपून खा.

कानांनी दगा दिल्यापासून फोनवर मला 'हॅलो'च्या पुढे काही कळत नाही, तेव्हा पत्रच लिही.

माया आहेच, ती राहू दे.
दादा

१९ मार्च

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

पास केल्याबद्दल आभार! कागद शिलाई मशीनच्या वर भिंतीला चिकटवलाय. इथल्या डॉक्टरीणबाईंनी उपाशीपोटी रक्त द्यायला बोलावलं होतं, मी गेलेच नाही. ज्याने तीस वर्षं लॅबमध्ये काढली त्याने पास केल्यावर पुन्हा परीक्षा कशाला?

बाकी किरकोळ कुरबुरी. तहान फार लागते, मशीनशेजारची बाटली दोन तासांत रिकामी. सुईत दोरा ओवायला लेकीला हाक मारावी लागते. पाळी दर तीन आठवड्यांनी येते आणि आठ-आठ दिवस थांबत नाही. त्यासाठी लोहाच्या गोळ्या चालू आहेत. तू लॅबवाला, तुझ्यापुढे कसली लाज?

परवा तर गंमतच झाली. उजव्या टाचेत मोडकी सुई रुतली होती, पायमोजा लाल झाला तेव्हा ती कळली. दुखलं म्हणून नाही! तू मला लहानपणी निगरगट्ट म्हणायचास, ते खरं झालं बघ.

जीव लावतोस तसाच लाव.
चिमी

२ एप्रिल

चिमे, आशीर्वाद नंतर. हे वाचलंस की ऊठ.

मी लिहिलेलं 'पास' खोडून टाक. माझं चुकलं. तो आकडा म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींवर चढलेली साखर. पेशी तीन-चार महिने जगते, म्हणून तो तीन महिन्यांचा अंदाज. पण तुझं रक्त सारखं जातं, गोळ्यांनी नवं होतं. कोवळ्या पेशींवर साखर चढायला वेळच मिळत नाही. पाळी चालू असलेल्या बाईचा आकडा तसाही थोडा खालीच असतो, तुझा तर फसवाच. आणि मी तो माझ्या म्हाताऱ्या रक्ताशेजारी ठेवून थट्टा केली. तीस वर्षं यंत्र चालवलं, पण सख्ख्या बहिणीला पाळीचं विचारायला लाजलो.

शेजाऱ्याला तुला फोन करायला लावला, तर तू 'मी ठणठणीत आहे' म्हणालीस म्हणे. त्याला तरी हे सगळं कसं सांगू? न दुखलेली ती सुई माझ्या डोक्यातून जात नाही; साखर फार वाढली की पाय असे बधिर होतात. मला फार भीती वाटतेय. आजच्या आज टाच दाखव, रक्त दे.

दादा

२४ एप्रिल

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

आईच्या खाटेशेजारी बसून तुमची भाची लिहितेय. तुमचं पत्र आलं तेव्हा आईने उघडलं, पण अक्षरं पुसट दिसतात म्हणाली. मी वाचून दाखवते म्हटलं, तर दादाचं पत्र माझं मीच वाचणार, चष्मा होऊ दे, म्हणून तिने ते मशीनच्या खणात ठेवलं. चष्मा सोमवारी आला. त्याच दिवशी मला तिची टाच काळी पडलेली दिसली. साखर चारशे वीस निघाली.

बोलावलं होतं तेव्हा का आली नाहीस, म्हणून डॉक्टरीणबाई रागावल्या. आईने भिंतीवरून काढून आणलेला तुमचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि घडी करून तिला परत दिला.

उद्या सकाळी उजवा पाय घोट्याच्या वर कापणार आहेत. मशीनचं पायडल ती त्याच पायाने मारते.

तुमचं पत्र मी आज खणातून काढून वाचलं. तिला अजून काही बोललेले नाही. ती नर्सबाईंना हसत सांगतेय की, दादा येऊ दे, त्याला खाडाखोड छान जमते.

मामा, लगेच निघा. लाल पेन मात्र आणू नका.

आम्हाला तुमचाच आधार आहे.
तुमची भाची