मानेची मात्रा

धुळे,
८ जानेवारी १९८८

तीर्थस्वरूप लोटनमामांस छायाचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. मामी, म्हैस आणि तुमच्या मानेचा पाचवा-सहावा मणका कसे आहेत ते कळवावे. (मणक्याचं आधी.)

माझ्या साखरपुड्याला तुम्ही येणार नाही, असा निरोप आईला मिळाला. तेव्हापासून ती ताटाकडे न बघता माझ्याकडे बघत जेवते. म्हणून झालं ते क्रमाने लिहिते.

मी कार्डावर लिहिलं, ‘तुमचा मानेचा पट्टा तयार आहे, सोमवारी दवाखान्यात या.’ तुमच्या कापडण्याच्या पारावर झुलालभाऊंनी मोठ्याने वाचलं, ‘मानाचा पट्टा.’ (तो दवाखान्यात कोण देतं, हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही.) मामा, हे दोन वेगळे शब्द आहेत. मी शब्दकोश काढून पाहिलं. डोकं पेलते ती मान संस्कृतातल्या ‘मन्या’वरून आली, मन्या म्हणजे मानेची मागची बाजू, तुमची दुखते तीच. लग्नात लोक मागतात तो मान निराळ्या घरचा. दोघांचं नातं काही नाही, नुसतं आडनाव एक. तिचा पट्टा मानेचा, त्याचा मानाचा. फरक एका काना-मात्रेचा. तरुणपणी तुम्ही कुस्त्या मारल्यात, तेव्हा उशिरा का होईना सत्कार निघाला असं गावाला वाटणं मी समजू शकते. ट्रॅक्टरभर माणसं आणि डफ घेऊन एक्स-रे विभागात शिरणं समजू शकत नाही. आत मी एका बाईंना श्वास रोखायला सांगितला आणि बाहेर डफ वाजला. फिल्म वाया गेली. "पोरी, बठ्ठं गाव उनं, पट्टा कोठे शे?" सगळं गाव आलेलं दाखवत झुलालभाऊंनी विचारलं. मी दिला. त्यांनी तो तुमच्या पोटाला लावून पाहिला. "हाऊ ते कंबरले पुरत नही!" शेवटी डॉक्टरांनी तो तुमच्या मानेला बांधला, गावाने टाळ्या वाजवल्या, आणि तुम्ही हार घालून घ्यायला वाकायला गेलात तर वाकता येईना. तेव्हा मी हसले. एकदाच, तेही भिंतीकडे तोंड करून.

चूक वाचणाऱ्याची आहे, लिहिणारीची नाही. मी रोज मिलिमीटरमध्ये काम करते.

तुमची भाची,
छाया

ता. क. : साखरपुडा रविवारी, सतरा तारखेला. मामा आल्याशिवाय पाटावर बसणार नाही, असं मी तिकडच्या मंडळींना कळवून टाकलं आहे. पट्टा काढून येऊ नका.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच मामींनी परत पाठवलेलं माझं ते कार्ड हातात आलं. भिंग लावून पाहिलं. मात्रा नाही, काना आहे. रुसायचा हक्क तुमचाच. तरी या. खुर्चीत ताठ बसा, मी समोरून येऊन पाया पडेन. तुम्हाला मान खाली घालावी लागणार नाही. ती मी घालते.